नऊ मेजरांचं गाव

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात नऊ मेजर आहेत. कॅप्टन एकही नाही, कर्नलही नाही, सगळे थेट मेजर. फौजेतली नोकरी संपवून ट्रंक घेऊन जो कोणी गावच्या एसटी थांब्यावर उतरतो, त्याला गाव तिथल्या तिथे बढती देऊन टाकतं. मग तो पलटणीतला ड्रायव्हर असो, न्हावी असो की कारकून. सरकारला वीस वर्षांत जे जमत नाही, ते आमच्या पारावर एका चहात होतं.

माझे वडील, तात्या, त्या नऊ जणांपैकी एक. खरं तर ते नाईक या साध्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि सगळी नोकरी त्यांनी लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात काढली. ही गोष्ट घरात कोणी काढत नसे, मी तर नाहीच नाही. मी शाळेत असताना माझ्या वडिलांनी शत्रूची एक चौकी जिंकली होती. मी कॉलेजात जाईपर्यंत तीन झाल्या. पुढे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायला बसलो, तेव्हा माझा हात चांगला तयार झालेला होता.

त्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर तलवार असते आणि मागे मी असतो. आतलं सैन्य आहुप्याचा घाट एका दमात उतरतं, कोकणात लढाई मारतं आणि न थकता परत वर येतं. सरदार मिशीला पीळ देतात आणि मरणारा शिपाई मरण्याआधी पाऊण पान बोलतो. लेखकाला मात्र डिंभ्याच्या पुढच्या वळणांवर एसटीत मळमळतं. पहिली कादंबरी वाचून तात्यांनी एवढंच विचारलं होतं, "ही मानसं जेवत न्हाईत का?" स्वयंपाक्याला दुसरं काय सुचणार, म्हणून मी हसलो होतो. सहाव्या कादंबरीची अर्पणपत्रिका मी अशी लिहिली: 'रणांगणात शत्रूला धूळ चारणाऱ्या माझ्या वडिलांस.' तात्यांनी ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि मटकीला मोड आलेत का ते बघायला उठून गेले. मला वाटलं, त्यांना भरून आलं असेल.

यंदा पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत तात्यांचा सत्कार ठरला. त्याच स्टेजवर माझी सहावी कादंबरी शाळेच्या लायब्ररीला भेट द्यायची होती, म्हणजे त्या दिवशी तात्या शूर असणं माझ्यासाठी फार गरजेचं होतं. मी त्यांना दोन पानी भाषण लिहून दिलं. त्यात बर्फ होता, बंकर होता, संगीन होती. फ्लेक्स मंचरहून छापून आला. फ्लेक्सवाल्यांकडे फौजी धडं तयारच असतात, फक्त मुंडकं बदलायचं. तात्यांच्या मुंडक्याखाली पदकांच्या तीन ओळी, मागे रणगाडा आणि डोक्यावर लढाऊ विमान. इतकं सगळं एकाच माणसाच्या हवाली कुठलंही सैन्य करत नाही, पण गावाला त्याचं काय!

तात्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले.

"ह्ये कोन हाय?"

"तुमीच की, मेजर!" सरपंच म्हणाले.

"डोकं माजं हाय. बाकीचा कुनीतरी सायब हाय. उतरवा त्ये."

"आवं राव, आता टाइम न्हाई. झेंड्याला पावणं आल्यात." सरपंचांनी माझ्याकडे बघितलं.

मी तात्यांच्या कानाशी लागलो. "आजच्या दिवस चालवून घ्या. लिहून दिलंय तेवढंच वाचा."

तात्या माइकसमोर गेले. माझ्या दोन पानांची घडी करून त्यांनी खिशात घातली.

"पोरांनो, म्या एकबी गोळी झाडली न्हाई. मी सैपाकी व्हतो. त्या फ्लेक्सवरचं धड माजं न्हाई, आन ह्याच्या बुकातला बाप बी मी न्हाई."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी बुटांकडे बघत राहिलो.

"वर बर्फात इस्टो पेटत नसायचा. येकदा पहाटं गस्तीचा हुकूम टायमाच्या आदी आला. पीठ मळून तयार व्हतं, तेल तापलं नव्हतं. सा जन तसंच उपाशी निगालं. येकाला म्हनलं, थांब, दोन पुऱ्या देतो. त्यो म्हनला, आल्यावर खातो, उस्ताद. माघारी चौगंच आलं. त्यो न्हाई आला. दोन ताटं म्या सांजपत्तूर झाकून ठिवली. तेल तापायला लई येळ लागला. बास, येवढंच."

सरपंच गप्प राहणाऱ्यातले नव्हेत. "शूर माणूस असाच नम्र असतो!" म्हणत त्यांनी माइक घेतला, तीनदा जय म्हणवून घेतला आणि तात्यांना शाल, नारळ आणि पत्र्याची एक तलवार दिली. मग पोरांना बिस्किटं वाटली. तात्यांनी नारळ ठेवून घेतला आणि तलवार माझ्या हातात दिली.

"ही तुजी."

भर गावातून ती तलवार घेऊन मी त्यांच्या मागे चालत घरी आलो. मला लाज वाटत होती, आणि ती माझी नव्हे, त्यांची वाटत होती. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. घरी पोचल्यावर मी चिडूनच विचारलं, "त्या दोघांचं मला आजवर कधी का नाही सांगितलंत?"

तात्या पायरीवर बसून नारळाच्या शेंड्या काढत होते.

"तू कवा इचारलंस? मी सुट्टीला आलो की तू फाट्यापत्तूर पळत यायचास, माजी ट्रंक धरायचास, आन दर टायमाला येकच इचारायचास. किती मारले?"