अकरा वर्षांचं कुंकू

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळचे अकरा. ठरलेली रक्कम तीनशे रुपये, चालला तर. नाही चालला तर काही नाही. हजर तिघं: मी, माझे वडील आणि नाशिक रोडला रेडिओ दुरुस्त करणारे काका. त्यांच्या टेबलावर वडिलांचा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर, खंडेनवमीपासून बंद.

वडील एकलहऱ्याला वीजकेंद्रात होते तेव्हाचा तो. त्याचे आकडे हिरवे, स्वतः उजळणारे. वडिलांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून त्यांना छापलेलं काहीच वाचता येत नाही, पण हे आकडे नाकाशी धरले की दिसतात. मोबाईलचेही उजळतात, मात्र त्या गुळगुळीत काचेवर बोटाला बटण सापडत नाही. माझी बायको रोज त्यांना पेपर वाचून दाखवते. गंगापूर धरणातला साठा आला की ते लगेच टक्केवारी ताडून बघतात. पेपरची चूक सापडली तर तो दिवस चांगला जातो. कॅल्क्युलेटर बंद पडल्यावर त्यांनी पेपर ऐकणंच सोडलं. "नुसतं ऐकून काय करू?" म्हणाले.

मी नवे सेल घातले, स्प्रिंगा घासल्या, मीटर लावून पाहिला. तीन व्होल्ट बरोबर येत होते. मग वीज पुढे कुठे अडते? पावणेदोन महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात होता.

काकांनी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि भिंग लावलं.  मग जेवणाचं पान सरकवावं तसा त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"साहेब, हे यंत्र आहे की देव्हारा?"

आत बटणांच्या कडेनं लाल-पिवळं साचलेलं होतं. चालू-बंद करायच्या खटक्याखाली तर वाळून दगड झालेला थर. शेवंतीची एक पाकळीसुद्धा निघाली.

"काय आहे?" वडिलांनी विचारलं.

"हळद-कुंकू," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा मी करतो. पकड, पाना, विळी, आणि हा. पाणी शिंपडायचं, मग हळद-कुंकू, मग फूल.

"बटणांवर लावायचास?"

"हो."

"मी त्याच्या पाकिटावर लावायचो. तो आत घालून, पाकीट बंद करून. किती वर्षं करतोयस?"

"अकरा."

"बाबा, पोरगा श्रद्धाळू आहे," काका म्हणाले.

"श्रद्धाळू आहे. इंजिनीअर नाही," वडील म्हणाले.

काकांनी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं खटका साफ केला. पितळेची पट्टी दिसू लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. मी एकटक बघत होतो. इतकी वर्षं हातात वागवलेल्या वस्तूच्या पोटात दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, आणि तेवढ्यावर सगळं चालतं, हे मला माहीत नव्हतं.

सेल घातले. खटका सरकवला. हिरवं शून्य उजळलं, तेव्हा काकांनी कॅल्क्युलेटर वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी बोटानं चाचपत सदतीस हजार सदतीस गुणिले चोवीस केलं.

"हाच हिशेब का?" मी विचारलं.

"उत्तरात सगळे आठ येतात. आठाला सगळ्या रेघा लागतात. एखादी मेली असेल तर कळते." त्यांनी तो नाकाशी नेला आणि एकेक आकडा मोजला. "सहा आठ. सगळे पुरे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजचा पेपर घरी आहे ना? रद्दीत टाकू नका म्हणावं."

मी पाकीट काढलं.

"तीनशे तू दे, चूक तुझी आहे," वडील म्हणाले. त्यांनी स्वतःच्या खिशातून दहाची नोट आणि रुपयाचं नाणं चाचपून काढलं. "हे कुंकू खरवडल्याचे. वर्षाला एक."

काका नको म्हणाले, मग घेतले. माझे तीनशे, वडिलांचे अकरा. एकूण तीनशे अकरा रुपये, रेडिओवाल्या काकांना, रोख.