तिसरं पेडल

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी तिची जन्माची तक्रार आहे. ही एकच आत राहिली, तीस वर्षांच्या वर. आज तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मध्ये तोंड घालू नका, एवढंच करा. मी आधीच वैतागलेला आहे — त्या गाडीवर, त्या माणसावर, आणि सगळ्यात जास्त कुणावर ते कळेलच.

माझं गॅरेज कोलशेतला होतं, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. ऐंशीच्या दशकाची अखेर. डिझेल इंजिन म्हटलं की आसपासचे टेम्पोवाले माझं नाव घ्यायचे. ते घेतात हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यात ती पिकअप आली. जपानी, डिझेल, आणि ऑटोमॅटिक! म्हणजे क्लच नाही, गिअर गाडीनं स्वतःच बदलायचे. तिथल्या एका कारखान्याची उभारणी करायला आलेले परदेशी लोक ती वापरायचे. काम संपलं, ते गेले, गाडी लिलावात निघाली. घेतली कुणी? कोळीवाड्यातल्या बाळारामनं. मी त्याला तोंडावर वेड्यात काढलं. अरे, ही बिघडली तर बघणार कोण? तुझा काका?

पण त्यानं ती घेतली होती तीच मुळी क्लच नाही म्हणून. बाळारामचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं लुळा पडलेला. होडीवर त्याला कुणी घेत नसे. मग तो गावातली मासळी कल्याणच्या बाजारात पोचवायचं काम करायचा — भाड्याच्या टेम्पोतून, त्या ड्रायव्हरांच्या मिनतवाऱ्या करत. ड्रायव्हर उशिरा उठला की मासळी गेली. या गाडीला दोनच पेडलं, दोन्ही उजव्या पायाची. लायसन्स कसं काढलं ते विचारू नका. चाळिशीच्या आसपास हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसला आणि स्वतःची मासळी स्वतः घेऊन कल्याणला जायला लागला. शेजारी बायको, मागे बर्फ आणि पाट्या. गॅरेजसमोरून जाताना हॉर्न वाजवायचा. रोज! काही काम नसताना! मला त्याचा इतका राग यायचा — आणि आता वाटतं, किती खूश होता तो.

बघा, परत हॉर्नवर घसरलो. मुद्द्यावर येतो.

दोनेक वर्षांनी गाडी कुरकुरायला लागली. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. चढावर तर मागेच सरकायची. आतल्या चकत्या घासल्या होत्या — हे आज सांगतोय. तेव्हा मला काय माहीत? असला गिअरबॉक्स मी जन्मात उघडला नव्हता. तसं म्हणायला काय झालं होतं? ‘बाळाराम, हे मला येत नाही.’ चार-पाच शब्द. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी मूठ तर अख्ख्या कोलशेतसमोर.

मी खालचं बूच काढलं. आतून तेल आलं ते पातळ, लालसर काळं, करपल्या वासाचं. मी म्हटलं, हे काय सरबत भरलंय? गिअर सरकणारच! आपल्याकडे गिअरबॉक्सला काय लागतं? जाड तेल. ट्रकला घालतात ते मी काठोकाठ ओतलं. कुणाला विचारलं नाही. त्या गिअरबॉक्समध्ये तेलच सगळं काम करतं, बारीक बारीक वाटांतून पळत असतं, तिथे जाड तेल शिरतच नाही — हे मला नंतर कळलं. नंतर कळून काय उपयोग?

बाळाराम माल भरून निघाला आणि माजिवड्याच्या अलीकडे गाडी कायमची बसली. मासळी तिथेच रस्त्यावर सडली. गाडी ओढून माझ्याकडे आणली, आणि तो समोरच्या चहावाल्याकडे बसला असताना मी ते जाड तेल काढून गटारात सोडलं. हे मी मुद्दाम केलं. तेल घालणं ही चूक होती. ही नुसती चूक नव्हती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... नाही, हेही नको. पुढचं ऐका.

तो आला, म्हणाला, ‘‘मिस्तरी, मना परत चालवाला येल ना?’’ आणि मी त्याच्यावरच खेकसलो. चोराच्या उलट्या बोंबा! ‘‘किती बर्फ भरतोस रे तू? बैलगाडी आहे का ही? मारलास ना गिअरबॉक्स!’’ त्याची बायको म्हणाली, ‘‘मी यांना सांगत व्हते.’’ तीसुद्धा! तिनं ते खरं धरलं, मग त्यानं धरलं. मी नुसता हात पुसत उभा.

अजून आहे. ठाण्याच्या एका पार्टवाल्यानं मला सांगितलं की मुंबईत एक कारागीर परदेशी गाड्यांचे असले गिअरबॉक्स उघडतो, चकत्या बदलतो, गाडी पहिल्यासारखी होते. मी पत्ताही विचारून घेतला. पण तो माणूस बॉक्स उघडणार, आतल्या कानाकोपऱ्यात ते जाड तेल चिकटलेलं त्याला दिसणार, आणि तो विचारणार — हे कोणत्या गाढवानं घातलं? बाळाराम शेजारी उभा असणार. मी बाळारामला सांगितलं, ‘‘याला हिंदुस्थानात इलाज नाही.’’

आणि मी त्या गाडीला टेम्पोचा साधा गिअरबॉक्स बसवला. लेथवर तुकडे कापून घेतले, शाफ्ट आखूड केला, क्लच बसवला, तिसरं पेडल जोडलं. काम अव्वल झालं होतं, लोक बघायला यायचे! मजुरी घेतली नाही म्हणून तर कोळीवाड्यात माझी वाहवा झाली.

गाडी तयार झाली त्या दिवशी बाळाराम आत बसला. त्यानं दोन्ही हातांनी डावा पाय उचलून त्या पेडलवर ठेवला. मांडीवर तळहात ठेवून दाबलं. परत दाबलं. पेडल हललं नाही. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं तो पाय उचलून खाली ठेवला, मग तो उतरला, आणि चावी सोबत आलेल्या मेहुण्याच्या हातात देऊन पलीकडच्या बाजूनं चढला. त्यानंतर तो कायम तिथेच बसला. मेहुण्याची मर्जी असेल तेव्हा गाडी निघायची, नसेल तेव्हा मासळी फुकट जायची. हॉर्न बंद झाला.

आणि या माणसानं माझा राग धरला का? छे! दर सणाला माझ्या घरी जिताडा पाठवायचा. खाडीतला चांगल्यातला चांगला, साफ करून. बायको कालवण करायची, मी जेवायचो आणि चिडचिड करायचो — मीठ जास्त, आंबट कमी. तिला वाटायचं मला मासळी आवडेनाशी झाली. पाठवू नकोस रे बाबा, असं मी त्याला कितीदा सांगितलं! तो हसायचा. या चांगुलपणाचं माणसानं करायचं काय?

पुढे, नव्वदच्या दशकात केव्हातरी, मेहुणा आजारी होता म्हणून मीच त्याची गाडी कल्याणला घेऊन गेलो. बाळाराम शेजारी. दुर्गाडीचा पूल ओलांडला. मग तो समोर बघतच म्हणाला, ‘‘मिस्तरी, तू बोललास ता खरा व्हता. हाव केली मीच. जास्ती बरफ भरला. माजी गारी मीच मारली.’’

गाडीत आम्ही दोघंच होतो. कुणी ऐकत नव्हतं. मी म्हणालो, ‘‘हो. जास्तच भरायचास तू.’’

त्यानं मान हलवली. पुढे काही वर्षांनी तो वारला, तो हेच खरं मानून.