गुलमंडीची तुटकी पायरी

मंडळी, निजाम गेल्यानंतरचा आपल्या शहरातल्या बाजाराचा फोटो आज ग्रुपवर आला. सगळे म्हणाले, शहागंज. मी म्हणलं, नाय, गुलमंडी! कोपरा तुटलेली ही पायरी बांगड्यावाल्याची.

सून हसली, "आत्याबाई, पाट्या सोडून पायऱ्या काय बघता?"

"अगं शहाणे, आम्ही पदर नाकापर्यंत घेऊन चालायचो. पाटी कुणाला दिसत होती?"

खात्री करायला कन्नडला राहणाऱ्या धाकट्या जावेला फोन लावला. त्या दुकानात आम्ही दोघी संगंच बांगड्या भरायचो. ती म्हणाली, "कोणचा बांगड्यावाला, अक्का?"

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाय. ती विसरली, का मीच चुकले? आता विचारू कुणाला?

तुमच्या घरात तसा पदर घेऊन चाललेली म्हातारी हाय का? तिला हा फोटो आजच दाखवा.