कोणता गजानन?

मित्रांनो, आज डोकं पार चक्रावून गेलं.

मी सुरतले कपड्याच्या गोदामात गठ्ठे उचलतो अन् मोबाईलवर वेबपेज बनवाले शिकून राह्यलो. शेठ म्हणे, संध्याकाळपर्यंत एक पेज चालवून दाखव, मंग तुले गठ्ठ्यांवरून काढून कॉम्प्युटरच्या कामावर बसवतो.

मी आपल्या गावाचं, वरवट बकालचं पेज केलं. त्यात तीन माणसं अन् प्रत्येकाचं एक बटन: गिरणीवाला गजानन, टेलर गजानन, जीपवाला गजानन. तिघांलेही आयडी, म्हणजे कोडातली ओळख, दिली 'गजानन'. मंग कोणाचंही बटन दाबा, पेज गिरणीवाल्यापाशीच जाऊन थांबे.

जेवणाच्या सुट्टीत आईले फोन लावला. म्हटलं, "गजाननले सांग, चांगला फोटो पाठव."

"कोणत्या गजाननले रे? नुसतं गजानन म्हटलं त अर्धं गाव ओ देईन."

मी पोळी बाजूले ठेवली अन् पेजचा कोड उघडला. गजानन हे त तिघांचं मिळून नाव, म्हणजे कोडात ज्याले क्लास म्हणते ते. त्याच्यावर तिघांले एकदम रंग देता येते. आयडी मात्र ज्याचा त्याचा: गिरणीवाला, टेलर, जीपवाला. तसं बदललं, अन् प्रत्येक बटन बरोबर माणसापाशी गेलं.

शेठ बराच वेळ बटनं दाबत राह्यला. मंग म्हणे, "कल से गठ्ठे मत उठाना, इधर बैठना."

ज्यानं हे क्लास अन् आयडी काढलं, तो कोणत्या देशाचा असन? त्याच्याही गावात एका हाकेले एवढे जण वळून पाहत असतील काय?