बाराव्या दिवशी बांधलेला पटका

माझे थोरले दीर गावचे पाटील. त्यांच्याबद्दल चांगलं बोल, असं मला कुणी सांगू नये. मला ते जमणार नाही.

आमचे मालक तेव्हा पस्तिशीचे. खळ्यावर उफणताना "डोस्क्यात कुऱ्हाड बसली" म्हणून ओरडले आणि कोसळले. आठ दिवस आधीही ते असेच डोकं धरून ओकले होते. तेव्हा पाटील म्हणाले होते, "काम चुकवायला लई सोंगं येत्यात ह्याला."

केजहून हकीम आणला. म्हातारा खडूस, पण जाणता. त्याने ह्यांना नाव विचारलं, स्वतःची बोटं ह्यांच्या मुठीत देऊन दाबायला लावली, पापण्या उचलून दोन्ही डोळे पाहिले. मग ओसरीवर येऊन म्हणाला, "डोस्क्यातली शीर फुटली हाय. पण शुद्धीवर हाय, वय कमी हाय, हातपाय चालत्यात. असे वाचत्यात. एकवीस दिवस अंधारात पडून ऱ्हाऊ द्या. उठायचं न्हाई, वाकायचं न्हाई. शीर दुसऱ्यांदा फुटली तर मला बोलवू नका."

अकरा दिवस मी त्यांना हलू दिलं नाही. अकराव्या दिवशी त्यांनी माझ्या आमटीला नावं ठेवली आणि मला इतका आनंद झाला की मी चुलीपुढे बसून रडले.

बाराव्या दिवशी तहसीलदाराचा दौरा आला. आमच्या घरची रीत अशी, की साहेब आला की दोघा भावांनी पटके बांधून वेशीत उभं राहायचं आणि वाकून सलाम करायचा. एकटाच दिसला तर घरात वाटण्या झाल्या म्हणून गावभर कुजबुज. पाटील अंगणातून म्हणाले, "घडीभर तर हुबं ऱ्हायचंय. उठव त्याला."

मी दाराआडून म्हणाले, "भावजी, हकीम नको म्हणलाय."

"हकिमाला आमच्या घरची रीत काय ठाव? पटका बांध त्याचा."

आणि मी बांधला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्यांचा शब्द मोडायची हिंमत नव्हती. नीट, घट्ट बांधला.

तहसीलदार घोड्यावरून उतरला. हे सलामाला वाकले ते तसेच मातीत पडले.

हकीम तरीही आला. शुद्ध नाही, उजवं अंग लुळं, डाव्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली. "आता जगला तरी काय जगला," एवढं पाटलांना ऐकवून तो पाणीही न पिता गेला.

हे जगले. नऊ वर्षं, एक शब्द न बोलता. हकिमाचं औषध लागू पडलं नाही, असं पाटील चारचौघांत सांगत.

हे पडले त्याच्या पुढच्याच साली पुन्हा दौरा ठरला. पाटील दारात आले. "ह्याला खुर्चीत बसवून नेऊ. पटका कुठं हाय?"

त्या पटक्याची मी केव्हाच फडकी फाडली होती. ह्यांच्या हनुवटीखालचं एक काढलं, लाळेने चिंब भिजलेलं, आणि पहिल्यांदाच दाराबाहेर येऊन पाटलांच्या हातात ठेवलं.

"ह्यो घ्या. बांधा आता तुमच्या हातानं."

त्या साली वेशीत पाटील एकटेच उभे राहिले.