कच्च्या रंगाचा आळ

माझा स्वभाव संशयी आहे. दूध घेतलं की बोट बुडवून बघायचं, कापड घेतलं की सूत ओढून बघायचं, आणि माणूस गोड बोलू लागला की त्याच्याकडे जास्तच निरखून बघायचं, ही माझी रीत. वयानं ती मवाळ झाली असं घरचे म्हणतात. त्यावरही माझा विश्वास नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आम्ही दोघं नवराबायको तिसगावात मिशनच्या शाळेत शिकवत होतो. पाच वर्षांची एकच लेक. तिच्या आधीचं मूल तापानं गेलं होतं, त्यामुळे ही नुसती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

त्या नाताळाला तिला लाल फ्रॉक हवा होता. कंट्रोलच्या दुकानात पांढरं मांजरपाट तेवढं मिळालं, म्हणून कापड गावातल्या रंगाऱ्याकडे टाकलं. विलायती रंगाच्या पुड्या तेव्हा मिळेनाशा झाल्या होत्या. हा बाबा कशात काय मिसळतो कोण जाणे, अशी शंका मला कापड देतानाच आली होती.

लेकीनं दोन दिवस तो फ्रॉक अंगावेगळा केला नाही. तिसऱ्या दिवशी ती तापानं फणफणली, एकदा ओकली, घोटभर पाणीसुद्धा गिळेना. संध्याकाळपर्यंत मान आणि छाती लालेलाल.

"गोवर हाय," सासूबाई म्हणाल्या. "भाईर पडू दे. औशीद दिऊ नको."

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. तरी सासूबाईंनी पोरीच्या उशाखाली गुपचूप कडुलिंबाचा डहाळा सारला आणि फोडणी बंद केली. मी विचारलं तर म्हणाल्या, "वासानं उलटी व्हईल पोरीला, म्हनून." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं, हे देवीसाठी चाललंय.

शाळेत गोवराची पोरं मी ढिगानं पाहिली होती. नाक गळतं, डोळे पाणावतात, ठिपके कानामागून सुरू होतात. हिला सर्दीचा मागमूस नव्हता. ठिपकेही सुटे नव्हते, सगळी लाली एकच. हात फिरवला तर अंग मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. गाल तापलेले, पण ओठांभोवती पांढरं कडं. हे गोवराचं काम नव्हे, हे मला पक्कं कळलं. मग कशाचं? कच्च्या रंगाचं! दुसरं काय असणार?

ओलं फडकं आणि साबण घेऊन मी तिची छाती घासली. पोर किंचाळली. फडक्याला रंग लागला नाही, हे मला दिसलं होतं. पण माझ्या मनानं रंगाऱ्याला केव्हाच दोषी ठरवलं होतं.

सकाळी हे म्हणाले, "नगरला नेऊ." मी म्हटलं, "आधी त्याला दाखवते, मग नेऊ." आणि तापलेली पोर कडेवर घेऊन निघाले.

रंगाऱ्याच्या अंगणात भट्टीवर हंडे चढले होते. त्याचे हात कोपरापर्यंत निळे. साऱ्या आळीला दिसेल अशी मी लेकीला त्याच्या ओट्यावर बसवली आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. त्याची नात माझ्या लेकीच्याच वयाची. ती येऊन शेजारी बसली. हातातली गुडीशेव तिनं लेकीच्या तोंडाला लावली, उरलेली आपण खाल्ली. मी ते पाहिलं, पण भांडणाच्या भरात होते.

माझं संपेपर्यंत तो ऐकत राहिला. मग हात पुसून पुढं आला आणि लेकीच्या छातीवर त्यानं अंगठा दाबला. अंगठा उचलला तर खाली पांढरा ठसा, आणि बघता बघता लाली पुन्हा भरली.

"मास्तरीनबाई, रंग दाबल्यानं पळत न्हाई. ह्यो आतून येतोय." त्यानं तिचा हात कोपरात दुमडून उलगडला. घडीत लाल रेघा गडद उमटल्या होत्या. "तुमच्या फ्रॉकाची बाही हितवर येती का? मग माझा रंग हितं कसा आला? आजच्या आज नगरला न्या पोरीला."

आळ झटकतोय लेकाचा, असंच मला तेव्हाही वाटलं. तरी मी पोरीला उचललं. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार धरून आम्ही दुपारी नगरला पोहोचलो.

मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी आधी जीभ बघितली. ती पिकल्या तुतीसारखी लाल, दाणेदार झाली होती. मग कोपराच्या रेघा, मग ओठांभोवतीचं कडं.

"हा गोवर नाही. स्कार्लेट फीव्हर आहे. इथं मी क्वचितच पाहिला," त्या म्हणाल्या. "उष्ट्यानं, खोकल्यानं दुसऱ्या मुलांना होतो. ही कोणाजवळ बसली होती? त्यांनाही तपासायला हवं."

खोलीत आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या दोन नर्स उभ्या होत्या. आजारी पोर घेऊन मी भांडायला गेले होते, हे त्यांच्यासमोर कसं सांगू?

"कोणाजवळच नाही," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तसंच लिहून घेतलं.

सल्फाच्या गोळ्यांनी ताप उतरला. पुढं बोटांच्या टोकांची कातडी पापुद्र्यांनी सुटली, तिची लेकीला भारी गंमत वाटायची. तीन आठवड्यांनी ती हसतखेळत घरी आली. दुसऱ्याच दिवशी मी रंगाऱ्याकडे गेले. माफी मागायची होती, आणि नातीला तपासून घे म्हणून सांगायचं होतं.

भट्टी थंड होती. हंडे पालथे घातलेले. तो ओट्यावर बसला होता आणि त्याचे हात कोपरापर्यंत स्वच्छ होते.

"नात गेली," तो म्हणाला. "मी घोडेगाव, मिरी, बाजार करीत फिरत हुतो. सुनंला वाटलं, पोर हौदापाशी खेळली, रंग लागला आसंल. रंगाऱ्याच्या घरात लाल अंगाकडं कोन बगतंय, बाई? कुठनं आलं, काय म्हाईत."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता त्याला आठवेल, आता तो माझ्यावर बोट रोखेल. रोखावं असं मला मनापासून वाटत होतं. त्याच्या मनात तसलं काही आलंच नाही.

"तुमची बरी हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

मी "हो" म्हटलं आणि घरी आले.