गुडघ्यावरचा ठेका

काल कार्यक्रमात पहिल्या रांगेत सदा बसला होता, आमच्या बँडचा पहिला ढोलकीवाला. गिटारवर गावाकडची गाणी म्हणायची, ही कल्पना आम्हा चौघांची. त्यांतला आता मी एकटाच उरलोय; बँडचं नाव मात्र अजून ‘चौघं’च.

जुनं गाणं सुरू झालं तशी सदाची बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली, त्याच्या त्या सावकाश लयीत. ढोलकीवरच्या नव्या मुलीनं लय वाढवली. बोटं मागे पडली, थांबली. मला तर गाताना मजा येत होती.

माणसं बदलली तरी गाणं तेच राहतं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे ते सुधारतं, आणि तेच बोचतं.

नंतर सदा म्हणाला, “काय पळतंय रे आता गाणं! माझ्यामुळेच अडत होतं, नाही का?”

“छे, काहीतरीच!” मी म्हणालो. पण एक मात्रा उशिरा.